सरावाची पुस्तके : किती आणि कोणती?

दहावीची परीक्षा आटोपून विज्ञानशाखेकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याच्या घरी तीन प्रश्न उभे राहतात. पहिला शाळेचा, दुसरा शिकवणीचा आणि तिसरा पुस्तकांचा. पहिल्या दोहोंवर घरात पुष्कळ खल होतो. चार जाणत्या माणसांचा सल्ला घेतला जातो. तिसरा प्रश्न मात्र बहुधा पुस्तकांच्या दुकानात, गर्दीत उभ्या उभ्याच सोडविला जातो. एक शेजाऱ्याने सांगितलेले, दुसरे दुकानदाराने पुढे केलेले, तिसरे मित्राच्या हाती पाहिलेले, अशी पाच-सहा जाडजूड पुस्तके पिशवीत पडतात आणि मुलाच्या गणिताची सोय लागली, अशा समाधानात वडील घरी परततात. वस्तुतः तयारीला त्या वेळी प्रारंभही झालेला नसतो.

या तिसऱ्या प्रश्नाकडे विद्यार्थ्यांचे व पालकांचे लक्ष वेधावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. आम्ही गणिताचे अध्यापक नव्हे. कलाशाखेची पदवी घेऊन भाषा शिकविणे हा आमचा व्यवसाय. तेव्हा गणिताच्या पुस्तकांविषयी बोलण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला, असे कोणी विचारील. त्यावर आमचे उत्तर असे की, पुस्तक कोणासाठी लिहिले आहे, ते काय मागते, आणि वाचणाऱ्याच्या हातून ते पुरे होते की नाही, हे पाहण्याची सवय भाषेच्या शिक्षकास असतेच. आणि येथे चुकते ते गणित नसून बहुधा पुस्तकाची निवड असते.

आमचे मत प्रथमच सांगून टाकतो. प्रवेशपरीक्षेच्या गणितासाठी सरावाचे साहित्य थोडे असावे. ते त्याच परीक्षेच्या आजच्या स्वरूपाशी जुळणारे असावे. प्रश्नपत्रिका ज्या भाषेत हाती येणार, त्या भाषेतले असावे. आणि ते शेवटच्या पानापर्यंत पुरे व्हावे. या चार गोष्टींपैकी चौथी सर्वांत अवघड, आणि पहिल्या तिन्ही नीट साधल्या तरच ती साधते.

प्रथम परीक्षा कोणती, हे पाहू. सुरतेतील विद्यार्थ्यापुढे अभियांत्रिकीची दोन मुख्य द्वारे आहेत. एक राज्याचे. गांधीनगरचे माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ जी सामायिक प्रवेश परीक्षा घेते आणि जिला आपण सर्व जण गुजकेट म्हणतो, ती राज्यातील अभियांत्रिकी व औषधनिर्माणशास्त्राच्या प्रवेशासाठी आहे. दुसरे द्वार देशाचे. ते जेईई मेन या परीक्षेचे. २०१९ सालापासून ही परीक्षा राष्ट्रीय परीक्षा संस्था, म्हणजेच एनटीए, घेत आली आहे. आपल्या शहरातील सरदार वल्लभभाई राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थेचे दार या दुसऱ्या परीक्षेने उघडते. १९६१ साली प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून स्थापन झालेल्या या संस्थेत निम्म्या जागा गुजरातेतून बारावी उत्तीर्ण झालेल्यांसाठी असतात. पांडेसऱ्यात मागावर राबणाऱ्या किंवा लिंबायतेत शिवणकाम करणाऱ्या कुटुंबातील मुलाला घरून डबा घेऊन जाता येईल इतक्या अंतरावर देशातील एक नामांकित संस्था उभी आहे. बाहेरगावचा खर्च नाही, वसतिगृहाचा भार नाही. अशा कुटुंबाला या परीक्षेतील पाच-दहा गुणांचे मोल किती, हे वेगळे सांगावयास नको.

ही दोन्ही द्वारे एकाच किल्लीने उघडत नाहीत. गुजकेटमध्ये गणिताचे ४० प्रश्न आणि ६० मिनिटे. प्रत्येक प्रश्नास एक गुण, आणि चुकलेल्या उत्तरास पाव गुणाची वजावट. उत्तरे कागदावरील गोल काळे करून द्यावयाची. म्हणजे एका प्रश्नास दीड मिनिट. जेईई मेनमध्ये तीन तासांत तीन विषयांचे ७५ प्रश्न. त्यांपैकी गणिताचे २५, प्रत्येकी चार गुणांचे. त्यांत २० प्रश्नांना चार पर्याय दिलेले असतात आणि पाच प्रश्नांचे उत्तर संख्येत काढून संगणकावर भरावे लागते. येथे सरासरीने एका प्रश्नास २ मिनिटे २४ सेकंद मिळतात. परंतु प्रश्नही त्या मानाने खोल असतात. पहिल्या परीक्षेत चपळाई हवी, दुसरीत चिकाटी. ज्याला दोन्ही द्यावयाच्या आहेत त्याने गणित एकच शिकावे, सराव मात्र दोन प्रकारचा करावा. ‘सर्व प्रवेशपरीक्षांसाठी उपयुक्त’ असे वेष्टनावर छापलेले पुस्तक बहुधा कोणत्याच परीक्षेच्या मापाचे नसते. सर्वांना येईल असा सदरा शिंपी शिवू लागला तर तो कोणाच्याच अंगाला नीट बसत नाही, त्यातलाच हा प्रकार.

बरे, परीक्षा एकच धरली तरी तिचे रूप स्थिर नाही. २०१९ साली जेईई मेन सर्वस्वी संगणकावर आली, तेव्हा तीन विषयांचे ९० प्रश्न होते आणि सर्वांना पर्याय दिलेले होते. २०२० साली ७५ प्रश्न झाले आणि संख्येत उत्तर देण्याचे प्रश्न आले. २०२१ ते २०२४ या काळात पुन्हा ९० प्रश्न होते. त्यांत संख्येच्या दहा प्रश्नांपैकी कोणतेही पाच सोडवावयाची मुभा होती. २०२५ पासून ती मुभा गेली आणि प्रश्न पुन्हा ७५ झाले. अभ्यासक्रमाचेही तसेच. २०२४ च्या परीक्षेपासून गणितीय विगमन आणि गणितीय तर्क ही प्रकरणे वगळली गेली. दुकानाच्या फळीवरचे पुस्तक मात्र हे सारे विसरून उभे असते. त्याचे मुखपृष्ठ नवे, वर्षही नवे, आणि आत वगळलेली प्रकरणे जशीच्या तशी! म्हणून पुस्तक विकत घेण्यापूर्वी पहिले काम कोणते? परीक्षा घेणाऱ्या संस्थेने प्रसिद्ध केलेली त्या वर्षीची माहितीपुस्तिका आणि अभ्यासक्रम संकेतस्थळावरून उतरवून घ्यावा, कागदावर छापून घ्यावा, आणि तो हाती धरून पुस्तकाची अनुक्रमणिका तपासावी. हे काम अर्ध्या तासाचे आहे; परंतु त्याने दोन महिन्यांचे श्रम वाचतात.

याचा अर्थ जुन्या प्रश्नपत्रिका टाकाऊ झाल्या, असा नव्हे. उलट परीक्षा घेणाऱ्यांनी स्वतः काढलेल्या पत्रिका हेच सरावाचे सर्वांत खात्रीचे साहित्य होय. बाकीची सारी पुस्तके परीक्षकाच्या मनात काय असेल याचा तर्क करतात. जुनी पत्रिका ते मन प्रत्यक्ष उघडून दाखविते. तिच्यातले प्रश्न प्रकरणवार सोडवावेत. वगळलेल्या प्रकरणांचे सोडून द्यावेत. मात्र घड्याळ लावून, तीन तास एका बैठकीत सोडवावयाची पत्रिका २०२५ च्या साच्याचीच घ्यावी. दहांतून पाच निवडण्याची सवय लागलेल्या मुलाला पाचही सोडवणे भाग पडले, की त्याची गती बिघडते. या पत्रिका आणि त्यांच्या अंतिम उत्तरसूची एनटीएच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. तेच प्रश्न एखादा प्रकाशक जाड कागदावर छापून देतो, तेव्हा आपण पैसे देतो ते प्रश्नांचे नव्हेत, बांधणीचे आणि उकलींचे. उकल चांगली असेल तर ते पैसे सार्थकी लागले. नसेल तर बांधणीलाच लागले.

परंतु जुन्या पत्रिकांच्याही आधी एक पुस्तक येते, आणि तेच आमच्या विद्यार्थ्यांना सर्वांत नकोसे वाटते. ते म्हणजे पाठ्यपुस्तक. अकरावी-बारावीच्या विज्ञानशाखेसाठी गुजरात मंडळाने एनसीईआरटीची पुस्तके स्वीकारलेली आहेत. गुजकेटचा पाया या पुस्तकांत आहे, आणि जेईई मेनची पहिली पायरीही तेथेच आहे. ‘ते तर शाळेचे पुस्तक,’ असे म्हणून त्याला कपाटात ठेवणारा विद्यार्थी पाया न घालता मजला चढवू पाहतो. पाठ्यपुस्तकातील प्रत्येक सोडविलेले उदाहरण उकल झाकून स्वतः सोडवावे. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटचा संकीर्ण प्रश्नसंग्रह सोडवावा. त्यानंतर एनसीईआरटीनेच काढलेले ‘एक्झेम्प्लर’ हे उदाहरणांचे पुस्तक घ्यावे. ही दोन्ही पुस्तके संगणकावरून फुकट उतरवून घेता येतात. एवढे झाले, की मगच बाजारातल्या एका, होय, एकाच पुस्तकाकडे वळावे.

ते एक पुस्तक कसे निवडावे? वेष्टनावरची यशस्वी मुलांची छायाचित्रे पाहून नव्हे. पुस्तक मधोमध उघडावे. जे प्रकरण आपल्याला चांगले येते, ते काढावे आणि त्यातली दहा उदाहरणे तेथेच किंवा मित्राकडून पुस्तक एका रात्रीसाठी आणून सोडवून पाहावीत. दहाही सहज सुटली तर हे पुस्तक आपल्याला नवे काही शिकविणार नाही. एकही सुटले नाही तर ते अद्याप आपले पुस्तक नव्हे. त्याला सहा महिन्यांनी भेटावे. सहा-सात सुटली आणि उरलेल्यांनी विचारात पाडले, तर ते आपल्या मापाचे आहे. मग उकली पाहाव्यात. ‘सूत्रावरून उत्तर मिळते’ एवढेच लिहिलेली उकल म्हणजे उकल नव्हे. हेच सूत्र का, दुसरे का नव्हे, हे जी सांगते ती उकल. आणि चार-पाच उत्तरे पडताळून पाहावीत. ज्या पुस्तकात पहिल्या दहांत दोन उत्तरे चुकीची छापलेली आढळतात, ते विद्यार्थ्याचा स्वतःवरचा विश्वास हळूहळू पोखरते. बरोबर उत्तर काढलेला मुलगा पुस्तकाचे चुकीचे उत्तर पाहून तासभर आपलीच चूक शोधत बसतो.

काही वडीलधारे आजही हॉल आणि नाइट यांच्या बीजगणिताची आणि लोनीच्या त्रिकोणमितीची शिफारस करतात. पहिले १८८७ चे, दुसरे १८९३ चे. दोन्ही अजून बाजारात मिळतात आणि दोन्ही मोठ्या योग्यतेची आहेत. ज्याच्या हाती पूर्ण दोन वर्षे आहेत आणि ज्याला गणिताची गोडी आहे, त्याने ती अवश्य वाचावीत. परंतु ती पर्यायी उत्तरांच्या परीक्षेसाठी लिहिलेली नाहीत. परीक्षा चार महिन्यांवर आली असता ती हाती घेणे म्हणजे गाडी पकडावयाची असता पायी यात्रेला निघणे होय. यात्रा पुण्याची खरी, पण गाडी चुकते.

आता भाषेच्या प्रश्नाकडे वळू. कारण मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा, आणि त्याविषयीच कोणी बोलत नाही. गुजकेटची प्रश्नपत्रिका गुजराती, हिंदी व इंग्रजी या भाषांत मिळते, मराठीत नाही. जेईई मेन तेरा भाषांत होते आणि त्यांत मराठी आहे. परंतु मराठी पत्रिका महाराष्ट्रातील केंद्रांवर देण्याचा नियम आहे, जशी गुजराती पत्रिका गुजरातेत व लगतच्या संघप्रदेशातील केंद्रांवर मिळते. म्हणजे सुरतेच्या केंद्रावर बसणाऱ्याला गुजराती, हिंदी वा इंग्रजी हीच निवड उरते. शिवाय भाषांतरात संदिग्धता आढळल्यास इंग्रजी मजकूर अंतिम मानला जातो. तेव्हा पत्रिकेची भाषा कोणती घ्यावयाची, हे अर्ज भरण्याच्या दिवशी नव्हे, अकरावीच्या पहिल्या महिन्यात ठरवले पाहिजे. आणि सरावाचे पुस्तक त्याच भाषेतले घेतले पाहिजे. इंग्रजीत सराव आणि गुजरातीत परीक्षा, किंवा उलट, असे झाले की मुलगा दोन्हीकडे अडखळतो.

या अडखळण्याचे स्वरूप नीट समजून घ्यावे. आपण ज्याला संच म्हणतो, त्याला गुजराती पुस्तक गण म्हणते. आपल्या वर्गसमीकरणाला तेथे द्विघात समीकरण म्हणतात, अंकगणिती श्रेढीला समांतर श्रेणी, संभाव्यतेला संभावना. पुढे अकरावीत ‘लक्ष’ नावाचे प्रकरण येते. मराठी मुलाला लक्ष म्हणजे अवधान ठाऊक, किंवा फार तर शंभर हजार. ते प्रकरण ‘सीमे’चे आहे, हे त्याला कोणी सांगितलेच नाही तर काय होईल? तो वर्गात गप्प बसेल. पहिल्या चाचणीत गुण कमी पडतील. घरी सांगितले जाईल की याचे गणित कच्चे आहे. आणि त्या कच्च्या गणितावर उपाय म्हणून आणखी दोन पुस्तके येतील! मुलाचे गणित कच्चे नव्हतेच. त्याच्यापाशी केवळ वीस-पंचवीस शब्द नव्हते.

हे आम्ही अनुभवाने सांगतो. आमच्या घरी कोंकणी बोलली जाते. घरचे ‘उदक’ शाळेत ‘पाणी’ झाले तेव्हा आमची तहान बदलली नव्हती, केवळ शब्द बदलला होता. शब्द बदलला म्हणजे बुद्धी कमी झाली असे मानून घेणे, ही माध्यम बदलणाऱ्या मुलावर होणारी सर्वांत मोठी हानी आहे. म्हणून आमची सूचना अशी की, सरावाच्या साहित्यातील पहिली वस्तू विकत आणावयाची नसून घरी करावयाची आहे. एक शंभर पानी वही घ्यावी. तीन रकाने आखावेत. पहिल्यात मराठी संज्ञा, दुसऱ्यात गुजराती, तिसऱ्यात इंग्रजी. दहावीच्या सुट्टीतच ही वही सुरू करावी. पाठ्यपुस्तकाच्या प्रत्येक प्रकरणातून दहा-बारा शब्द निघतील. दिवाळीपर्यंत ती वही इतकी परिचयाची होईल, की तिची गरजच उरणार नाही. ज्या घरात थोरल्या बहिणीने किंवा भावाने हे केले, तेथे धाकट्याला ती वही वारशाने मिळेल.

साहित्य थोडे असावे, असे आम्ही म्हटले. यावर आक्षेप येतो : थोड्या उदाहरणांनी सराव कसा होणार? हा आक्षेप हिऱ्यांच्या शहरात येऊ नये! आपल्या येथील कारागीर एका गोल हिऱ्याला सत्तावन्न किंवा अठ्ठावन्न पैलू पाडतो. एक पैलू पाडून हिरा बाजूला ठेवावा आणि दुसरा घ्यावा, असे तो करीत नाही. उदाहरणाचेही तसेच आहे. समजा, प्रश्न असा आहे : क्षचा वर्ग, वजा पाच क्ष, अधिक तीन बरोबर शून्य, या समीकरणाच्या दोन मुळांच्या वर्गांची बेरीज किती? एक विद्यार्थी सूत्र लावून दोन्ही मुळे काढतो. त्यांत तेराचे वर्गमूळ येते. मग तो त्यांचे वर्ग करीत बसतो आणि तीन मिनिटांनी घामाघूम होऊन उत्तर काढतो. दुसरा पाहतो की मुळांची बेरीज पाच आहे आणि गुणाकार तीन. बेरजेचा वर्ग पंचवीस. त्यातून गुणाकाराची दुप्पट, म्हणजे सहा, वजा केली की एकोणीस. पंधरा सेकंदांत काम झाले.

परंतु खरा सराव येथून पुढे सुरू होतो. आता त्यानेच स्वतःला विचारावे : घनांची बेरीज किती? पाचाचा घन एकशे पंचवीस, त्यातून तिप्पट गुणाकार गुणिले बेरीज, म्हणजे पंचेचाळीस, वजा, उत्तर ऐंशी. मुळांच्या व्यस्तांची बेरीज किती? पाच भागिले तीन. मुळांतील फरकाचा वर्ग किती? पंचवीस वजा बारा, म्हणजे तेरा. आणि मघाशी वर्गमुळाखाली तेरा का आले होते, हेही आता उमगते. एका उदाहरणाची ही चार उदाहरणे झाली, आणि ती कोणत्याही पुस्तकातून विकत घ्यावी लागली नाहीत. अशी चारशे उदाहरणे केलेला विद्यार्थी चार हजार उदाहरणे नुसती उरकणाऱ्याच्या पुढे राहतो, अशी आमची खात्री आहे. पाच पुस्तकांतून प्रत्येकी दोन प्रकरणे चाळणाऱ्याची गत मात्र आपल्या म्हणीतल्यासारखी होते : एक ना धड, भाराभर चिंध्या.

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ ११५० सालची. तीनशेहून कमी श्लोकांचा तो लहानसा ग्रंथ. सूत्र सांगावयाचे आणि त्यावर निवडक उदाहरणे द्यावयाची, अशी त्याची रचना. आपल्या शाळेतील कित्येक कुटुंबांचे मूळ गाव ज्या खानदेशात आहे, तेथे चाळीसगावजवळच्या पाटण येथे १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला, याची नोंद त्यात आहे. थोड्या ग्रंथांच्या सखोल अध्ययनासाठी एक संस्था उभी राहावी, ही कल्पना आपल्याच मातीत आठशे वर्षांपूर्वी रुजलेली आहे.

दुसरे उदाहरण रामानुजनांचे. १९०३ च्या सुमारास कुंभकोणम येथे त्यांच्या हाती जॉर्ज कार या इंग्रज शिक्षकाचे एक पुस्तक आले. ते काही थोर गणितज्ञाचे नव्हते. केंब्रिजच्या गणित-परीक्षेला बसणाऱ्या मुलांच्या शिकवण्या घेणाऱ्या माणसाने सुमारे पाच हजार सिद्धांत एकत्र करून रचलेले ते परीक्षेचेच साहित्य होते. सिद्धताही त्यात त्रोटक. रामानुजनांनी ते सिद्धांत पाटीवर एकामागून एक स्वतः सिद्ध केले, आणि त्यातून केवढे भांडार उघडले, हे जगाला ठाऊक आहे. पुस्तक सामान्य असूनही वाचणारा त्यात पुरता उतरला. आता याच चरित्राची दुसरी बाजूही विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी : गणिताव्यतिरिक्त विषयांकडे दुर्लक्ष झाल्याने रामानुजनांना महाविद्यालयीन परीक्षेत अपयश आले. जेईई मेनमध्ये गणिताचे १०० गुण आहेत, पण एकूण ३०० आहेत.

साहित्याच्या यादीत आम्ही आणखी एक वस्तू घालू, आणि तीही विकत मिळत नाही. ती म्हणजे चुकांची वही. चुकलेले प्रत्येक उदाहरण तीत उतरवावे आणि शेजारी एकच शब्द लिहावा : ‘समजले नाही’, ‘आठवले नाही’ किंवा ‘घाई केली’. महिन्याअखेर मोजावे. ‘समजले नाही’ अधिक असेल तर नवे पुस्तक नको, शिक्षक हवा. ‘आठवले नाही’ अधिक असेल तर उजळणी हवी. ‘घाई केली’ अधिक असेल तर घड्याळाशी मैत्री हवी. आणि यांपैकी एकाही दुखण्यावर सहावे पुस्तक हे औषध नव्हे, हे तेथेच दिसून येईल.

कोणी म्हणेल, शेजारच्या मुलाला शिकवणी-वर्गाकडून छापील संचांचा ढीग मिळतो. आमच्या मुलाकडे तो नसेल तर तो मागे पडणार नाही काय? ढिगाची किंमत आम्ही नाकारीत नाही. चांगल्या वर्गाचे संच विचारपूर्वक रचलेले असतात. परंतु तेथे मुलाला बळ मिळते ते कागदाचे नव्हे, दर आठवड्याला ठरल्या वेळी कोणीतरी ते तपासते याचे. ते तपासणे घरी किंवा शाळेतही घडवून आणता येते. तीन-चार मित्रांनी रविवारी एकत्र बसावे, एकच पत्रिका वेळ लावून सोडवावी, एकमेकांची तपासावी. घोडदोड रस्त्यावरचे महापालिकेचे कवी नर्मद मध्यवर्ती ग्रंथालय आपलेच आहे. घरात जागा नाही, ही सबब तेथे उरत नाही. संगणकावरच्या सरावासाठी कानपूरच्या आयआयटीच्या साहाय्याने केंद्र सरकारने २०२३ साली सुरू केलेला ‘साथी’ हा उपक्रम विनामूल्य आहे. ज्या घरात एकच फोन आहे आणि तोही वडील कामावर घेऊन जातात, त्या घरी रात्रीचा एक तास त्या फोनवर मुलाचा हक्क असावा, एवढे कुटुंबाने ठरवावे.

पालकांना शेवटी थोडे सांगावयाचे आहे. मुलासाठी पुस्तक आणणे यात माया आहे, हे आम्ही जाणतो. रात्रपाळी करून दमलेला माणूस मुलाला गणित शिकवू शकत नाही. पण पुस्तक आणू शकतो, आणि आणतो. त्या मायेला आम्ही नमस्कारच करू. परंतु टेबलावरचे प्रत्येक न उघडलेले पुस्तक मुलाला रोज काहीतरी सांगत असते : ‘तू मला अजून हात लावला नाहीस.’ अशी पाच पुस्तके रोज हेच सांगू लागली, की मुलगा अभ्यासाला नव्हे, त्या टेबलालाच भिऊ लागतो. पुस्तके आणून मुलगा तयार होईल, ही आशा म्हणजे पी हळद आणि हो गोरी. त्यापेक्षा एक पुस्तक पुरे झाले म्हणजे शेवटच्या पानावर वडिलांनी तारीख घालून सही करावी. ज्यांना गणित येत नाही त्यांनाही ही सही करता येते. आणि आमच्या मते अशा दोन सह्या दहा नव्या पुस्तकांहून अधिक मोलाच्या आहेत.

विद्यार्थिमित्रहो, जून महिन्यात तुमच्या टेबलावर काय असावे, ते आता मोजा. चालू वर्षाचा छापलेला अभ्यासक्रम, पाठ्यपुस्तक व त्याचे एक्झेम्प्लर, मागील पत्रिका, पारखून घेतलेले एक पुस्तक, आणि तुमच्या हाताने लिहिलेल्या दोन वह्या, एक शब्दांची व एक चुकांची. याहून अधिक काही कोणी आणून दिले तर आभार मानून ते वाचनालयात ठेवा. तुमच्यापैकी ज्याच्याकडे एकही पुस्तक नाही, त्याच्या ते उपयोगी पडेल.